शिवम्माची फळी, कर्नलची खिडकी

आमच्या गावच्या म्हशींना घड्याळ कळतं. दुपारभर त्या कळंब्याच्या तळ्यात नाकापर्यंत बुडून असतात आणि काठावरच्या शाळेची शेवटची घंटा झाली की एकामागोमाग एक बाहेर पडून, अंग झाडून, गावच्या वाटेला लागतात. आकारामच्या थोरल्या म्हशीनं तर एकदा घंटेला उशीर झाला म्हणून शाळेच्या फाटकात जाऊन मास्तरांकडं असं बघितलं, की मास्तरांनी पोरं आधी सोडली आणि घंटा मागनं वाजवली. ज्याला पटत नाही त्यानं मास्तरांना विचारावं. ते नाही म्हणतील, पण म्हणताना त्यांचं तोंड बघावं.

तर ज्या गावात जनावरं वेळेवर येतात त्या गावात दूध घालायला माणसांनी रांगेत ताटकळावं, हे आकारामला बघवेना. आकाराम आमच्या डेअरीचा चेअरमन. आवाज असा, की त्यानं गावात हाक मारली तर कोल्हापुरात राजारामपुरीतला माणूस वळून बघतो. दोन हजार तीन साली त्यानं ठरवलं, काटा कॉम्प्युटरला जोडायचा. बाई आली, किटली काट्यावर ठेवली, नाव सांगितलं, बटण दाबलं, चिठ्ठी घेतली, बाई गेली.

काम दिलं संगमेशला. डेअरीला लागूनच विरूपाक्षचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, त्याचा हा पोरगा. घर मूळचं सीमेकडचं, त्यामुळं घरात बाप अप्पा आणि आई अव्वा. पोरगं कोल्हापुरात इंजिनिअर झालं आणि राजारामपुरीत एक खोली घेऊन कॉम्प्युटर दुरुस्त करत बसलं. बापाला ते पसंत नव्हतं. त्याची आई शिवम्मा, तिचा भाऊ, म्हणजे संगमेशचा मामा, त्यांच्या बोलीत मावा, बेंगळूरला मोठ्या कंपनीत होता, आणि त्यानं भाच्यासाठी तिथं खुर्ची धरून ठेवली होती. संगमेशला ती खुर्ची नको होती. त्याचं म्हणणं, बेंगळूरला हजार जणांत एक होण्यापेक्षा मी इथं पंचक्रोशीतल्या डेअऱ्यांना माझी यंत्रं बसवीन. विरूपाक्ष म्हणायचा, "आधी एक चालवून दाखव."

पोरानं दाखवलं. जुना कॉम्प्युटर आणला, तो चालवायला त्यात लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं म्हटल्यावर आकारामनं त्याला नमस्कार केला. काट्यापासून एक वायर आत गेली, आणि त्या वायरीवरनं काटा जे बोलतो ते आतल्या मुख्य कारभाऱ्याला कळावं, म्हणून लागणारा दुभाष्या संगमेशनं स्वतः लिहिला. आतल्या कारभाऱ्याला कर्नल म्हणतात.

"कर्नल?" आकाराम म्हणाला. "मग पेन्शन चालू आसंल की त्याची. काम कशाला करंल त्यो?"

पण कर्नल कामाचा निघाला. पहिले काही दिवस बायका किटल्या घेऊन डेअरीत येत आणि हातात चिठ्ठी घेऊन अशा जात, जणू बँकेतनं निघाल्यात. मी डेअरीच्या कट्ट्यावर कायमचा बसणारा माणूस. मला वाटलं, आता रांगच नाही तर माझ्या गप्पा ऐकणार कोण. पण देव दयाळू. यंत्र बंद पडायला लागलं.

बंद म्हणजे कसं, की सकाळचं दूध बिनबोभाट जायचं. दुपारी डेअरीला कुलूप. संध्याकाळी कुलूप काढलं, बायका आल्या, किटली काट्यावर ठेवली, की पडद्यावरचं सगळं जिथल्या तिथं थिजायचं. दावणीला बांधल्यासारखं. मग संगमेशला फोन, संगमेश लुनावर बसून येणार, बटण बंद करून चालू करणार, तोवर रांग विरूपाक्षच्या दुकानाच्या पायरीपर्यंत.

बायडाबाई रांगेत पहिली असायची. तिच्या दोन म्हशी आणि एक जीभ, तिन्ही दुभत्या.

"संगमेशा," ती म्हणायची, "तुझ्या मशिनीला तिन्हीसांजंला दिसत न्हाय काय रं? आमच्या सासूला आसंच व्हायचं."

"होतंय चालू, मावशी. दम धरा."

"म्या धरंन. दूध धरत न्हाय."

गंमत अशी, की ज्या दिवशी काम जास्त त्या दिवशी यंत्र ठणठणीत. सणाच्या आधल्या दिवशी, दिवसभर डेअरी उघडी, किटलीला किटली लागलेली, तेव्हा हूं का चूं नाही. आणि ज्या दिवशी दुपारी काट्याला माशीसुद्धा शिवली नाही, त्या दिवशी संध्याकाळी हमखास थिजलेलं. काम करून दमणारी माणसं मी बघितली आहेत. बसून दमणारा एक आकारामचा पुतण्या आणि दुसरं हे यंत्र.

दसरा जवळ आला. आकारामनं आधीच आसपासच्या डेअऱ्यांच्या चेअरमनांना सोनं लुटायला आणि यंत्र बघायला यायचं आवतण देऊन ठेवलं होतं. तो, मी आणि विरूपाक्ष डेअरीत बसलो होतो, संगमेश पडद्यासमोर.

"ह्ये बघ," आकाराम म्हणाला, "त्या लोकांम्होरं जर ह्ये थांबलं, तर म्या ह्ये मशीन म्हशीच्या गोठ्यात न्हिऊन ठेवतो. वर पेंड घालून."

"आणि मी तुला बेंगळूरच्या गाडीत," विरूपाक्ष म्हणाला. त्याचा आवाज हळू, पण शब्द वजन करून. "मावानं परवाच विचारलं. दसऱ्यापर्यंत वाट बघतो म्हणालाय. आमचं बोलणं झालंय."

संगमेशनं मागं वळून बघितलं नाही. "झालं तर झालं. पण अप्पा, दसऱ्याला ते थांबणार न्हाय."

"कशावरनं?"

"का थांबतं ते सापडल्यावर थांबंल कसं?"

"सापडलं?"

"सापडंल की."

पोरगं माझ्या मनात तेव्हा भरलं. खात्री अशी असावी, पुराव्याच्या आधी येणारी.

मग त्यानं आम्हाला समजावलं. लग्नघर डोळ्यापुढं आणा, म्हणाला. बाहेर पंगत बसलीय. पंगतीतली माणसं म्हणजे आपले प्रोग्राम, एक वजन लिहून घेणारा, एक चिठ्ठी छापणारा, एक हिशेबाचा. आत कोठी आहे. कोठीत भांडी, शिधा, सगळं. त्या कोठीत पंगतीतल्या कुणालाही पाय ठेवता येत नाही. चावी एकट्या कोठीवाल्याच्या कमरेला, तो आपला कर्नल. कुणाला काही पाहिजे असलं तर दाराशी येऊन मागायचं, तो आतनं आणून देणार.

"बरोबर हाय," आकाराम म्हणाला. "सगळ्यांस्नी आत सोडलं तर श्रीखंड ऱ्हातंय व्हय?"

"आता कोठी रिकामी झालीय. म्हणून सगळं थिजतं. मी पंगतीतल्या एकेकाचं पान बघितलं. कुणी जास्त जेवलेलं न्हाय. सगळ्यांचं मिळून कोठीचा एक कोपरासुद्धा होत न्हाय."

"मग गेलं कुठं?"

"तेच की. कोठीवाल्याला स्वतःच्या कामालाबी भांडी लागतात. निरोप ठेवायला वाटी, नाव लक्षात ठेवायला वाटी. ती त्याची त्याच्याकडंच. पंगतीत बसून ती दिसत न्हाईत."

विरूपाक्ष दुकानदार माणूस. त्यानं लगेच नेमकं धरलं. "म्हणजे कोठीवालाच खातोय."

"खातोय का कुणासाठी काढून ठेवतोय, ते बघायचंय. आत जाता येत न्हाय, पण कोठीला एक खिडकी हाय."

आणि त्यानं पडद्यावर एक फाईल उघडली. ही फाईल मला आजही आठवली की हसू येतं. ती डिस्कवर कुठंच नाही. शोधायला गेलं तर नाव आहे आणि वस्तू नाही. पण उघडून वाचायला गेलं, की कर्नल त्या क्षणी आत बघतो, कुठल्या मापाची भांडी किती काढली, किती वापरात, आणि तिथल्या तिथं रचून सांगतो. विचारल्याबरोबर रचून सांगणारा म्हटल्यावर मला तो लगेच आवडला. आमच्यात फरक एवढाच, की तो खरं सांगतो.

खिडकीतनं दिसलं ते असं. काही भांड्यांना नावं होती, ह्या कामाच्या वाट्या, त्या कामाच्या थाळ्या, आणि त्यांचे आकडे शहाण्यासारखे जागेवर होते. पण खाली काही भांडी बिननावाची. ती कुणीही मागावीत, नुसतं माप सांगायचं, लहान, मध्यम, मोठं. त्यातली लहान मापाची वाटी बघावी तर संगमेश नुसता बसलेला, काटा रिकामा, पंगत झोपलेली, आणि आकडा हळूहळू चढतोय. वाट्या जातायत आणि एकही परत येत नाही.

"कोण न्हेतंय?" आकारामनं विचारलं.

"तेवढंच दिसत न्हाय. खिडकीत माप दिसतं, माणूस दिसत न्हाय. लहान वाटी कर्नलच्या घरात सगळेच मागतात."

"मग काय उपेग त्या खिडकीचा?"

"खिडकी असलेली बरी की. चोरी होतीय हे तरी कळलं."

विरूपाक्ष उठला. जाताना एवढंच म्हणाला, "गाडीचं तिकीट काढायला सांगून ठेवतो. परत करता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी होतो. का होतो म्हणाल तर शिवम्माच्या हातचा चहा. ह्या बाईबद्दल आधी सांगायला पाहिजे. आपल्यात कुणाच्या घरनं भांड्यातनं काही आलं तर ते भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं, निदान चिमूटभर साखर. हे सगळेच पाळतात. पण बाकीचे चिमूटभर साखरेवर सुटतात, शिवम्मा नाही. खिरीच्या बदल्यात खिरीच्या तोडीचं काही झाल्याशिवाय तिच्या घरातनं भांडं हलायचं नाही. तिच्या स्वयंपाकघरात एक लांबच्या लांब फळी होती आणि त्या फळीवर सबंध गावाची भांडी ओळीनं वाट बघत बसलेली. एका म्हातारीचं पितळी भगुलं तिथं आलं तेव्हा तिची नात पाळण्यात होती. त्या नातीच्या लग्नाच्या रुखवतात ते निघालं, बेसनाचे लाडू भरून. घरातली माणसं मात्र ताटं कमी म्हणून पाळीपाळीनं जेवायची. विरूपाक्षला मी स्वतः केळीच्या पानावर पोहे खाताना बघितलंय.

तेवढ्यात बायडाबाई आली. उंबऱ्यातच उभी.

"शिवम्मा, माझं पातेलं दे."

"देते की. बस. पुरणाची होळगी करणार हाय दसऱ्याला, तेव्हा घालून देते."

"दसरा ऱ्हाऊ दे. मला दूध तापवायला पातेलं न्हाय. रिकामं दे."

"रिकामं कसं देऊ गं? तू काय बोलतीस?"

"आगं बाई, म्हैस काय भरल्या पातेल्यात दूध देत न्हाय. रिकामंच लागतंय त्ये."

"माझ्या सासूनं मला ह्या घरात आल्यावर पैली गोष्ट सांगितली ती हीच. अशुभ असतं ते."

"तुझ्या फळीवर माझं पातेलं धूळ खात बसलंय, ह्ये लई शुभ हाय व्हय?"

शिवम्मा फळीकडं वळली, जणू पातेल्यालाच विचारणार होती. फळीवर एकासारखी एक ॲल्युमिनियमची पातेली. मला तर सगळी जुळी वाटली. "तुझं कुठलं, तेबी लक्षात न्हाय आता," ती म्हणाली.

"सरक," म्हणून बायडाबाई आत आली, फळीखाली उभी राहिली आणि मान वाकडी करून बघत गेली. "ह्ये तानाबाईचं. ह्ये चेअरमनच्या बायकोचं, ह्येच्यावर तिच्या भावाचं नाव हाय. आणि ह्ये माझं. बघ, नाव घातलंय. दिराच्या लग्नात मिळालतं." तिनं बोट टेकवलं. काठावर टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं होती. भांडी घेतली की दुकानदार मशीन फिरवून घालून देतो तशी.

संगमेश जेवणघराच्या दारात उभा राहून दात घासत होता. ब्रश तोंडातच राहिला.

"मावशी," तो म्हणाला, तोंडातल्या फेसासकट, "नाव नसतं तर?"

"नाव नसतं तर तुझ्या आव्वानं माझं पातेलं तिसऱ्यालाच लाडू भरून दिलं असतं."

त्यानं चूळ भरली, ती कुठं टाकली ते शिवम्मानं मला नंतर दाखवलं, आणि लुनाला किक मारून गेला. बायडाबाईचं पातेलं मात्र फळीवरच राहिलं. शिवम्मा दोन हात पसरून फळीसमोर उभी होती, आणि त्या बाईला हलवायला जेसीबी लागला असता.

संगमेशनं काय केलं ते त्यानंच संध्याकाळी सांगितलं. कर्नलच्या कोठीची मोडतोड काही केली नाही. फक्त बिननावाची वाटी देताना कर्नलनं तिच्या काठावर मागणाऱ्याचं नाव ठोकायचं, एवढंच शिकवलं, आणि खिडकीत मापाशेजारी नाव दिसेल अशी सोय केली. आता पंगतीत बसून कोणीही वाचावं, कोठीतली कुठली वाटी कुणाच्या घरी आहे.

डेअरीत आम्ही सगळे पडद्याला नाक लावून. आकाराम, मी, विरूपाक्ष, आणि बातमी कळल्यामुळं किटली काट्याऐवजी जमिनीवर ठेवून आलेली बायडाबाई.

"आता चोर दिसंल," संगमेश म्हणाला आणि बटण दाबलं.

नावं आली. एकेकाच्या पुढं दोनचार वाट्या, कुणापुढं दहाबारा. आणि एका नावापुढं एवढा लांब आकडा, की तो पडद्याबाहेर जातो का असं वाटलं. ते नाव होतं 'काटा'. संगमेशनं स्वतःच्या हातानं लिहिलेला दुभाष्या.



"म्हंजी चोर घरचाच," बायडाबाई म्हणाली.

विरूपाक्ष खिशातनं रुमाल काढून चष्मा पुसायला लागला, आणि त्याचा चष्मा स्वच्छच होता.

दुसरं एखादं पोरगं खाली मान घालून बसलं असतं. हे मोठ्यानं हसलं. "मी महिनाभर दुसऱ्यांची पानं बघत फिरतोय," म्हणाला, आणि आपला दुभाष्या उघडून वाचायला बसला. ओठ हलत होते, पोथी वाचल्यासारखे.

वाचता वाचता तो थांबला. मग आमच्याकडं तोंड केलं.

"काटा गप बसत न्हाय," तो म्हणाला. "वर किटली असू दे नसू दे, तो सारखा काहीतरी सांगतो. किटली असली की वजन सांगतो. नसली की सांगतो, रिकामा हाय, रिकामा हाय. त्याचं प्रत्येक बोलणं ठेवायला माझा दुभाष्या कर्नलकडनं एक वाटी घेतो. वजन असलं तर ते पंगतीत वाढतो आणि वाटी परत करतो."

"आणि रिकामा आसला तर?" आकारामनं विचारलं.

"तर वाढायला काही न्हाय. म्हणून..." तो परत हसायला लागला. "म्हणून मी वाटी ठेवून घेतलीय. घालायला काही मिळालं की परत देऊ म्हणून."

मी विरूपाक्षकडं बघितलं, विरूपाक्ष माझ्याकडं. त्याच्या डोळ्यांपुढं केळीचं पान आलं असणार.

"दुपारभर काटा रिकामा," संगमेश म्हणाला. "दुपारभर वाट्या फळीवर. संध्याकाळी कर्नलकडं द्यायला एकबी न्हाय."

"शिवम्माचं पोरगं ते," बायडाबाई म्हणाली. "त्येला किती शिकवलं तरी काय उपेग. रिकामं परत द्यायचं त्येच्या हातनं व्हायचंच न्हाय."

झालं पण. त्यानं तिथंच बसून दुभाष्याला शिकवलं, की बाबा, तू तुझ्या आजीवर, शिवम्मावर जाऊ नको, वाटी रिकामी असली तरी लगेच परत कर. आणि दुभाष्याच्या वाट्या बिननावाच्या ढिगातनं न घेता त्यांचा वेगळा संच केला, त्याला रीतसर नाव घातलं. कुठलं, ते सांगितलं नाही. विरूपाक्ष मात्र म्हणाला, "एक दिवस चाललं म्हणून चाललं असं होत न्हाय. दसऱ्याला बघू. तिकीट राहू दे."

दसरा उजाडला. चेअरमन मंडळी दुपारी उतरली. बिद्रीकडचे एक जण जीपमधनं आले, मिशीला तूप लावल्यासारखे. चंदगडचे एसटीनं आले. तिकडं पाऊस एवढा, की बसल्यावर त्यांच्या छत्रीतनं एक बेडूक निघून सरळ डेअरीच्या हौदात गेला. तो बेडूक पुढं चार वर्षं हौदात होता आणि दुधाला चांगलं फॅट लागलं की ओरडायचा.

आकारामला वाटत होतं, काट्यावर सारख्या किटल्या ठेवत राहावं म्हणजे यंत्र चालतं. संगमेशनं त्याला हात धरून थांबवलं. "आज काटा रिकामाच राहू दे. सकाळचं दूध झाल्यापासनं रिकामाच ठेवलाय."

"आरं, रिकामा ठिवला की त्ये मरतंय."

"म्हणूनच."

त्यानं पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला आणि खिडकी उघडीच ठेवली. काट्याच्या वाट्यांचा आकडा मोठ्या अक्षरात. शून्य, एक, शून्य, एक, शून्य. काटा म्हणतोय रिकामा हाय, वाटी जातेय, वाटी येतेय. अंगणात चिमणी दाणे टिपते तसं.

"ह्ये काय?" बिद्रीकडच्यांनी विचारलं.

"कर्नलच्या कोठीतली आमची भांडी," आकाराम म्हणाला, जणू तीस वर्षं हेच शिकवतोय. "किती बाहेर, किती आत. आत न जाता दिसतंय. तुमच्या मशिनीत दिसतंय का?"

"आमच्याकडं मशीनच न्हाय."

"तेच म्हणतो."

मग बायडाबाई पुढं झाली. तिनं रिकामी बादली काट्यावर ठेवली, काढली, ठेवली, काढली, संगमेशकडं बघत बघत, दम लागेपर्यंत. आकडा वर गेला, खाली आला, शेवटी शून्यावर. "बरं," ती म्हणाली आणि पदरानं घाम पुसत बाजूला झाली. तिच्या तोंडनं 'बरं' हा शब्द गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

बाहेर सोनं वाटायला सुरुवात झाली. मंडळी उठली, आपट्याची पानं हातात, गळाभेटी, गलका. विरूपाक्ष एकटाच पडद्यापाशी उभा होता. आणि त्यानं हाक मारली.

"संगमेश."

आवाजावरनंच गलका थांबला. पडद्यावर एक होता. शून्य होत नव्हता. आम्ही बघत राहिलो. एक. एक. एक.

"अडकलं," विरूपाक्ष म्हणाला. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पोरगा आपल्या गावात राहावा असं प्रत्येक बापाला वाटतंच, पण त्यानं शब्द दिला होता. "एक वाटी परत येईना."

आकारामनं डोळे मिटले. बेंगळूरची गाडी मला शिट्टी देताना ऐकू आली.

संगमेश जागचा हलला नाही. पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. "एक दाखवतंय ना?"

"व्हय."

"मग एक बाहेर असणार. खिडकी खोटं बोलत न्हाय, अप्पा. वजन आलंय आणि ते कुणाच्या नावावर घेतलेलं न्हाय, का काट्यावरनं उचललेलं न्हाय, तोवर वाटी बाहेर राहणारच. काट्यावर बघा."

सगळ्या माना काट्याकडं वळल्या.

काट्यावर एक ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं. शेजारी शिवम्मा उभी, नव्या लुगड्यात, कपाळाला विभूती. एवढी माणसं बघून बावरली होती.

"हात भाजला," ती म्हणाली, "म्हणून जरा टेकवलं. बायडाबाई हितं हाय म्हणाले. होळगी हाय, गरम हाय."

बायडाबाई गर्दीतनं पुढं आली. फडकं बाजूला केलं. वाफ निघाली. तिनं आधी पातेल्याच्या काठावरचं नाव बघितलं, मग आतल्या पोळ्या, मग शिवम्मा. "मिळालं बाई एकदाचं," म्हणाली आणि पदरात धरून पातेलं उचललं.

पडद्यावर शून्य झालं.

चंदगडचे पुढं येऊन पडद्यावर वाकले. "हे आकड्याशेजारी इंग्रजीत लिवलंय, ते काय?"

"भांड्यावरचं नाव," संगमेश म्हणाला. "अव्वा."

विरूपाक्षनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मग चष्मा काढला, आणि ह्या वेळी तो खरंच पुसायला झालेला होता. शिवम्मा म्हणाली, "काय लिवलंय म्हणे?" तिला कुणी सांगितलं नाही, बायडाबाईनं सोडून. आणि बायडाबाईनं सांगितलं त्यात ज्या चार गोष्टी जास्तीच्या होत्या त्या मी इथं लिहीत नाही.

त्या दिवशी तिथंच तीन चेअरमनांनी यंत्र सांगितलं. बिद्रीकडच्यांची अट एकच, खिडकीसकट पाहिजे. बेडकाचं सोडा, पण हे खरं आहे.

संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर विरूपाक्ष माझ्याशेजारी येऊन बसला. खिशातनं तिकीट काढून त्याची नीट घडी घातली.

"परत करायला स्टेशनवर जातोस काय?" मी विचारलं.

"जातो. पण पोराला एकदा बेंगळूरला जायलाच लागणार. मावाचा स्टीलचा डबा राहिलाय आमच्याकडं. गणपतीला म्हैसूरपाक पाठवलाता त्यानं."

"मग ह्याच तिकिटावर जाऊन देऊन येऊ दे की."

विरूपाक्षनं माझ्याकडं बघितलं, मग घराकडं. आतनं भांडी सरकवल्याचा आवाज येत होता. बायडाबाईच्या पातेल्याची जागा मोकळी झाली होती, आणि शिवम्मा उरलेली ओळीनं लावत होती.

"म्हैसूरपाकाच्या तोडीचं तिला अजून काही सुचलेलं न्हाय," तो म्हणाला.

संगमेशची यंत्रं आज चंदगडापर्यंत गेली आहेत. डबा फळीवरच आहे.